कोंबडा, सायकल आणि देवाचा वाटा

रविवार, २ जुलै
आजपासून ठराव: देवाला आधी, घराला नंतर. रेव्हरंड किवुम्बींनी प्रवचनात हेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडेच बघत होते. बायको म्हणते, ते घड्याळाकडे बघत होते, घड्याळ तुमच्या डोक्यावर आहे. जुळ्यांची आई म्हणून गाव तिला मानानं नालोंगो म्हणतं. मला सालोंगो. मान सारखाच, पण विश्वास माझा जास्त.

उपासनेनंतर लिलाव. ज्यांच्याकडे पैसे नसतात ते देवाला अंडी, केळ्यांचा घड, असेल ते आणतात, आणि चर्चचा कारभार बघणारा वॉर्डन बाहेर आंब्याखाली पुकारतो. जाजा येरुसा म्हातारीचा कोंबडा आला. मासेवाला काग्वा चाळीस हजार शिलिंग म्हणाला. माझ्या तोंडून ऐंशी गेलं. कोंबडा तिथल्या तिथे रेव्हरंडांना भेट दिला. काय टाळ्या पडल्या! पैसे पुढच्या रविवारी देतो म्हटलं.

मंगळवार, ४ जुलै
दुरुस्तीला एकच रेडिओ आला. त्यात झुरळं. देव परीक्षा बघतोय. शांत राहायचं.

रविवार, ९ जुलै
कोंबड्याचे पैसे दिले. पलंगाखाली नालोंगोचा डबा असतो. चपात्या विकून ती पाण्याच्या टाकीसाठी जमवते. त्यातून घेतले. घेतले म्हणजे देवाकडे ठेवले. देवाला दिलेलं शंभर पटीनं परत येतं, असं प्रवचनात सांगतात. आले की एक सोडून दोन टाक्या घेऊ. तिला आत्ता सांगितलं तर सरप्राइज जाईल.
आज लिलावात फणस घेतला. काग्वा बोललाच नाही. बोलेल म्हणून मीच दोनदा वाढवलं.

बुधवार, १२ जुलै
नालोंगोची कंबर धरली. पाणी डोक्यावरून आणते, विहिरीची चढण आहे ना. म्हटलं, टाकी येतेच आहे, विश्वास ठेव. म्हणाली, "विश्वास आहे हो, कंबर राहिली नाही." हल्ली फार टाकून बोलते.
सायकलवर पाणी आणून द्याल का, असंही विचारलं. सायकल धंद्याची आहे, हे पुन्हा समजावून सांगावं लागलं.

रविवार, १६ जुलै
फणसाचे पैसे दिले. डब्यातूनच. तळाशी दोन नोटा राहू दिल्या, हाव नको. आज मधाची बाटली घेतली, पैसे पुढच्या वेळी. टाळ्या जरा कमी पडल्या. लोकांना सवय झाली असावी.
थकलो. देण्यात एवढा थकवा येतो हे प्रवचनात कोणी सांगत नाही.

शुक्रवार, २१ जुलै
टाकीवाला आगाऊ रक्कम घ्यायला दारात. नालोंगोनं डबा ओढला, उघडला, आणि जमिनीवर तशीच बसून राहिली. टाकीवाला गेला. मी तिला शंभर पटीचं सगळं सांगितलं. तिनं तवा घासायला घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटली. संध्याकाळपर्यंत वाटत होती. मग लक्षात आलं, ओरडली नाही म्हणजे तिचा विश्वास वाढतोय.

रविवार, २३ जुलै
सकाळी म्हणाली, आज मलाही देवाला काही द्यायचंय. माझे डोळे भरून आले.
लिलावात अंडी झाली, केळी झाली, आणि वॉर्डननं माझी सायकल पुढे आणली. त्याच सायकलवर मी आलो होतो. नालोंगो उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरात देवाला आधी." टाळ्या. मी उधारीवर बोली लावली, तर वॉर्डन सगळ्यांसमोर म्हणाला, "सालोंगो, मधाची बाटली अजून बाकी आहे हं." काग्वानं साठ हजारांत घेतली, रोख. आणि तिथल्या तिथे भेट दिली. नालोंगोला. पाण्यासाठी. माझ्या कोंबड्याला पडल्या होत्या त्यापेक्षा मोठ्या टाळ्या. जाजा येरुसा तर नाचली.
परत येताना नालोंगो सायकल धरून पुढे. मी मागे, पायी. काग्वाला देखावा फार लागतो.

शनिवार, २९ जुलै
सायकल हवी असेल तर आधी पाणी भरायचं, असं मालकीणबाईंचं म्हणणं. आठवडाभर भरतोय. सायकलला जेरीकॅन बांधले की ती चढणीवर ढकलावीच लागते. गुडघे गेले. ही चढण एवढी आहे हे मला कधी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल.
आज दोन रेडिओ झाले. पाचशेची चार नाणी तिच्या डब्यात टाकली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. म्हणून एक नाणं परत काढलं आणि जरा वरून टाकलं.
ती चपात्या लाटत होती. मान वर केली नाही.