दोनशे चौदाचा कोट

१७ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी, मशीन फिरतंय तोवर.
दादा परवा येतोय. गावातल्या एका शेठला बंदरात लाकूड बघायचंय, म्हणून सोबत पारख करायला हा. ते काम उद्याच उरकेल, शनिवार मोकळा. संध्याकाळी पाचच्या बसने परत. आईने फोनवर स्पष्टच सांगितलं. दादा डोळ्यांनी बघून येईल. खरंच असिस्टंट मॅनेजर असलास तर राहा. नसलास तर त्याच बसने घरी ये, दुकानात रंधा मारायला माणूस हवाच आहे.
'नसलास तर' म्हणजे काय? पोटच्या पोरावर भरवसा नाही.
मी खोटं बोललेलो नाही. पुढे होणार ते थोडं आधी सांगितलं, इतकंच. चौदा महिने हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्रीत आहे. मॅनेजरचं ऑफिस तळमजल्यावर. अंतर एका जिन्याचं.
रंधा मारणार नाही. मेलो तरी नाही.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत.
प्लॅन तयार. दादाला हॉटेलकडे फिरकूच द्यायचं नाही. दिवसभर तटाच्या आतलं जुनं शहर दाखवायचं. चालवून चालवून इतका दमवायचा, की प्रश्न विचारायला दम उरू नये.
अडचण एकच. तटाच्या आत मी अजून गेलेलो नाही. सुट्टी मिळाली की झोपतो. आणि किल्ला कुठे पळून जातोय? चारशे वर्षं उभा आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.
रिसेप्शनवरून शहराचं माहितीपत्रक आणलं. पाठ केलं. मोठा दरवाजा, तोफा, संग्रहालय, जुना बाजार, दीपगृह, समुद्राकडचा बुरूज, बंदराचा दरवाजा. सात ठिकाणं. आठवीपर्यंत शिकलो त्यात एवढं पाठांतर कधी केलं नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारा.
कपड्यांचा प्रश्न. माझ्या शर्टांत मॅनेजर बसत नाही. पण रॅकवर दोनशे चौदा नंबरच्या खोलीतल्या पाहुण्याचा निळा कोट आहे. धुऊन तयार. खांदे अगदी माझे. उद्या संध्याकाळी सहाला द्यायचा. म्हणजे मधला दिवस तो बिचारा नुसता लटकत राहणार.
इस्त्रीवाल्या मावशीला सांगितलं. म्हणाली, नाकापेक्षा मोती जड होतोय बाळा, मुकादमाला कळलं तर कोटासकट बाहेर काढील. मी म्हटलं, कोट कसा काढील, कोट पाहुण्याचा आहे. मावशीने इस्त्री बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. बायकांना विनोद कळत नाही.
मुकादम शनिवारी सहाच्या आत खाली येत नाही. हिशोब पक्का.
चिठ्ठीचं काय करावं, यावर अर्धा तास विचार. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला पिवळी कापडी चिठ्ठी टाचलेली असते. खोली नंबर, डाग कुठे, कसला. ती फक्त मुकादमासमोर काउंटरवर काढायची. आधी काढली तर कपडा बेवारशी. तेव्हा काढायची नाही. कॉलरच्या आत दुमडून ठेवली. कुणाच्या बापाला दिसणार नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८.५५. बंदराचा दरवाजा.
दादाच्या बसने त्याला मोठ्या दरवाज्यावर सोडायचं सोडून इथे उतरवलं. म्हणजे माझी यादी शेवटाकडून सुरू होणार. उलटं पाठांतर केलेलं नाही.
काळजी नको. शहर गोल आहे.
दादा कोट बघून थबकला. वरपासून खालपर्यंत बघितलं, सुतार फळी बघतो तसं. मग जवळ घेतलं आणि सोडताना मागून माझी कॉलर सारखी केली. सहा वर्षांत पहिल्यांदा अंगाला हात लावला असेल. कोटाचा परिणाम.
(दादा पाण्याची बाटली घ्यायला गेलाय, तेवढ्यात लिहिलं.)

९.३०.
संकल्प: गाईड नेहमी पुढे चालतो. मीही दोन पावलं पुढे. पाठमोरा रुबाब वेगळाच असतो.
दरवाज्याबद्दल सांगितलं, हे लाकूड चारशे वर्षांचं. दादाने फळीवरून अंगठा फिरवला, वास घेतला. म्हणाला, हे दार तुझ्याहून लहान आहे. बिजागऱ्या तर माझ्या दुकानात मिळतात.
मी म्हटलं, मूळ दार आत जपून ठेवलंय. असेलही.

१०.४०. संग्रहालयाचा संडास.
नवीनच संकट. दोनशे चौदाचा पाहुणा दिसतो कसा, हे मला ठाऊक नाही. मी त्याचा कोट ओळखतो, त्याला नाही. आणि शनिवारी हॉटेलातले सगळे पाहुणे हेच शहर बघायला येतात. त्यामुळे कोट न घातलेला प्रत्येक पुरुष मला दोनशे चौदा वाटतोय. इथे तसे साठ आहेत.
एक टक्कल पडलेला गृहस्थ तोफेपाशी उभा राहून माझ्या खांद्याकडेच बघत होता. मी दादाला ओढत आत आणला. इथून दहा मिनिटं हललेलो नाही.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण मी चोर नाही, त्यामुळे ही म्हण लागू नाही.

१०.५५. तिथेच.
दादा दार ठोकून विचारतोय, पोट बिघडलं का.

१२.१०. दीपगृहाच्या पायऱ्या.
(ही जागा मी मघाशी जुना बाजार म्हणून दाखवली होती.)
जेवताना विचारलं, तुझ्या हाताखाली माणसं किती? मी म्हटलं, अकरा. लॉन्ड्रीत अकरा मशीनं आहेत, आणि सगळी माझ्याच हाताखाली चालतात. मग त्याने माझे हात बघितले. बोटांची टोकं ब्लीचने पांढरी पडलीत. म्हटलं, ऑफिसात एसी फार असतो.
दादा हसला नाही. त्याने परत कॉलर सारखी केली. लाड चाललेत.

१.५०. समुद्राकडचा बुरूज. संकट. मोठं.
भरती होती. पाटी होती, कड्यावर उभं राहू नये. पण पाठीमागे समुद्र घेऊन मॅनेजर कसा दिसतो, ते आईला फोटोत दिसायला हवं होतं. दादा फोन धरून उभा. एक लाट अख्खा तट चढून आली.
उजवी बाही आणि पाठ चिंब. खारं पाणी. वाळलं की पांढरे नकाशे उठणार. सहाला काउंटर. दोनशे चौदा, मुकादम, गेट, पाचची बस, रंधा. सगळं एका ओळीत डोळ्यांसमोर उभं राहिलं.

२.४५. बुरुजाखालचं कॉफीचं दुकान.
काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मला स्वतःला आठवत नाहीये.
मी दुकानात शिरलो. बाईला सांगितलं, कोमट पाणी द्या, चमचाभर व्हिनेगर, दोन पांढरे स्वच्छ फडके. तिने विचारलंच नाही कशाला. कोट टेबलावर पालथा घातला. बाहीत कोरडं फडकं सारलं. वरून ओलं फडकं नुसतं दाबत गेलो, घासलं नाही, घासलं की लव उठते. कडेकडून मध्याकडे. मीठ वर आलं की दुसरं फडकं. पाठीला अस्तर असतं, तिथे पाणी कमी. वीस मिनिटं. कुणाशी बोललो नाही.
मान वर केली तर दादा खुर्ची ओढून समोर बसलेला. दुकान चालू होतं आणि तो एकटा नाटक बघतोय असा.
म्हणाला, "हे कुठे शिकलास?"
म्हटलं, मॅनेजरला सगळ्या डिपार्टमेंटचं यावं लागतं.
तो म्हणाला, कोट वाळेपर्यंत मी धरून बसतो, तू तोंड धुऊन ये. कानावरची पेन्सिल काढून हातात फिरवत बसला होता. सुट्टीच्या दिवशीही सुताराची पेन्सिल कानावर. काय माणूस.

३.५०.
हरवलो.
माहितीपत्रक लाटेत गेलं. गल्ल्या सगळ्या सारख्या, तट प्रत्येक गल्लीच्या टोकाला. एकाच चपलांच्या दुकानासमोरून तिसऱ्यांदा गेलो. दुकानदार आता हात हलवतो. बस पाचला.
दादाने विचारलं, दर रविवारी फिरतोस ना इथे? म्हटलं, फिरतो, पण आज रविवार कुठे आहे.
कुणाला रस्ता विचारायचा नाही असं ठरवलं आहे. गाईडने विचारलं तर संपलं.
बस चुकावी असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, बस चुकली तर दादा हॉटेलवर मुक्काम करणार.

४.४८. बस स्टॉप.
पोचलो. आणि माझ्याच हुशारीने.
एका गच्चीवर चादरी वाळत होत्या. काठाला हिरवा दोरा. जास्त कपडे आले की छोटी हॉटेलं आमच्याकडे पाठवतात, प्रत्येकाचा दोरा वेगळा. हिरवा दोरा म्हणजे टोकाचं छोटं हॉटेल, त्याची हातगाडी उतरणीवरून येते. उतरणीने खाली. मग लाल दुहेरी टाका, तो बंदराजवळचा. लाल ठेवला उजव्या हाताला. पाच मिनिटांत दरवाजा.
दादाने विचारलं, काय बघून चाललास? म्हटलं, अनुभव.
तो बराच वेळ वरच्या चादरींकडे बघत राहिला. मग शेवटचं, कॉलर.

५.०५.
बस गेली. दादा बसमध्ये, मी इथे.
चढायच्या आधी त्याने माझ्यासमोर आईला फोन लावला. तो म्हणाला, "बरा आहे. काम चांगलं येतं त्याला. राहू दे इथेच." एवढंच. फोन ठेवला.
जिंकलो. एवढा मोठा माणूस, लाकडाचं वय वासावरून सांगतो, आणि दिवसभर दोन पावलांवरून त्याला काही कळलं नाही. हे यश लिहून ठेवण्यासारखं आहे. लिहिलं.

५.४५. लॉन्ड्री.
कोटावर शेवटचा हात मारायला घेतला. मावशीने वाफेची इस्त्री दिली, तोंड वाकडं करून. मीठ कुठेही नाही. कॉलर उलटली.
चिठ्ठी दुमडलेली नव्हती. टाचणीपण आमची नव्हती. चिठ्ठी आत सारून छोट्या चुकेने, म्हणजे बारीक खिळ्याने, पक्की केलेली, सुतार खिशात ठेवतात तसली. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं. दादाचं अक्षर, जाड, मोजून काढल्यासारखं.
'सकाळपासून तीन वेळा बाहेर आली. मी आत घातली. आईला सांगेन ते खरंच सांगेन. डाग काढायला तुझ्यासारखा माणूस मी बघितला नाही. बाकीचं तू सांग.'
पुढच्या बाजूला आमचंच छापील. खोली २१४. डाग: मान.
म्हणजे बंदराचा दरवाजा, तोफा, दीपगृह, सगळीकडे मी पुढे आणि पाठीवर हे.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी.
कोट वेळेवर गेला. दोनशे चौदाचा पाहुणा ठेंगणा, चष्मेवाला निघाला. कालच्या साठांत तो नव्हताच. काल दिवसभर पोट बिघडून खोलीत पडून होता म्हणे.
चिठ्ठी परत दिली नाही. मुकादमाला सांगितलं, हरवली. तो म्हणाला, चौदा महिन्यांत चिठ्ठीचा नियम कळत नसेल तर आठ दिवस मोज्यांच्या मशीनवर उभा राहा.
दुपारी आईला फोन करायचा आहे. काय बोलायचं ते लिहून काढतोय.
'आई, हॉटेलातल्या कपड्यांचं पूर्ण डिपार्टमेंट मी'. खोडलं.
'आई, बढती व्हायच्या आधी काही दिवस मी'. खोडलं.
'आई, मी कपडे धुतो.'
फारच छोटं दिसतंय. अजून काहीतरी जोडायला हवं. पण काय, ते सुचत नाहीये, आणि मोजे आलेत.