चेहरा नसलेले फोटो

दादा,

घरातले फोटो नीट लावतो म्हणून तू कॉम्प्युटरचा ताबा घेतलास आणि बाबांचा पाय पुसून टाकलास. फोन उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी कीबोर्डवरच ठेवते.

वहिनी म्हणाली, फोटो फार साठले म्हणून तू चेहऱ्यांप्रमाणे फोल्डर केलेस आणि चेहरा नसलेले सगळे उडवलेस. पायाला चेहरा नसतो रे. तुझ्या नव्या गाडीला तरी कुठे आहे? तिचे फोटो मात्र शाबूत आहेत, कॉम्प्युटरला जोडलेल्या माझ्या मोबाइलवर दिसतात; पायाचे तिथूनही गेले.

रोज ड्रेसिंग बदलताना, अंगठ्याशेजारी मोजपट्टी ठेवून मी एक फोटो काढत होते. एकेचाळीस दिवस. जखम भरतेय की पसरतेय, ते डॉक्टर त्यावरून बघणार आणि अंगठा ठेवायचा की कापायचा हे आज चार वाजता ठरवणार. बाबांना मी काही बोललेले नाही. ते इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचे तयार बसलेत.

कॉम्प्युटरच्या कचऱ्यात फोटो अजून असतील, पण पासवर्ड तू बदललायस. चारच्या आत काढून मला पाठव.

आणि पुसण्याआधी त्यातला एक तरी फोटो उघडून बघितला होतास का, याचं उत्तर मला आजच पाहिजे.