झाडू घेऊन सुरतेला

चिंचपाडा,
रविवार, उपासनेनंतर

आदरणीय उदेसिंग दाजी आणि गजराताई,

धाकट्या सुकरामचा तुम्हा दोघांना प्रभूच्या नावाने सलाम. दाजी, गुडघा कसा आहे? मोलगीच्या थंडीत तो कुरकुरतो हे मला ठाऊक आहे, आणि तुम्ही तेल लावत नाही हेही ठाऊक आहे (ताईने फोनवर सांगितलं. तिला रागावू नका, मीच खोदून विचारलं). ताईने पाठवलेली चारोळी पोहोचली. निदान पिशवी तरी पोहोचली, आत थोडी चारोळीही होती. इकडे सगळे सुखरूप. पत्र लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नका. फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. तीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस समोरच्याला मध्येच दुरुस्त करतो, आणि मी विसरतो काय सांगायचं होतं. म्हणून हे पत्र जीपवाल्याच्या हाती देतोय. कागदाला मध्येच थांबवता येत नाही.

तर विषय आमच्या तरुण संघाच्या सुरत दौऱ्याचा. सुरतेच्या एका चर्चच्या मंडळीने आमच्या पाळकसाहेबांना बोलावणं धाडलं होतं, ‘शहरी सेवा आणि सांस्कृतिक अनुभव’ असं मोठं नाव देऊन. म्हणजे आपल्या मुलांनी शहरात जाऊन सेवा करायची आणि तिथल्या घरांमध्ये राहून तिथली रीतभात बघायची. मी पाळकसाहेबांना म्हटलं, आजवर शहरातली माणसं आपल्याकडे सेवा करायला येत आली, फोटो काढून गेली. आता आपण जाऊ! त्यावर वडीलधारा म्हणून कोणी सोबत हवं, असं निघालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं (निदान मला तसं वाटलं). तुमची जागृती कॉलेजसाठी माझ्या घरी राहते, तरुण संघाची सेक्रेटरी आहे, तेव्हा ती येणार हे ठरलेलंच. तुम्ही तेव्हा फोनवर काय म्हणालात ते मी विसरलेलो नाही. ‘सुकराम, झाडू मारायला पोरीला सुरतेपर्यंत कशाला न्यायला पाहिजे? अंगण इथेही आहे.’ मी जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे तुम्ही गप्प झालात.

आता सेवा करायची तर दुसऱ्याच्या सामानाने कशाला? मी सगळ्यांना शिंदीचे नवे झाडू घ्यायला लावले. शिवाय कोणाच्या घरी ओझं नको म्हणून घरचा तांदूळ, नागलीचं पीठ, पांघरुणांची गाठोडी. गाडीत समोर एक म्हातारी बसली होती. तिने आमच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘इतला झाडू लिसन कोठे चालनात भो? इकाले का?’’ मी म्हटलं, विकायला नाही, सेवेला, आणि सुरतेआधीचं उधना येईपर्यंत तिला सेवेचा अर्थ समजावून सांगितला. शेवटी तिने एक झाडू मागून घेतला. ती आमची पहिली सेवा.

सुरत स्टेशनाबाहेर आम्हाला न्यायला मंडळीची गाडी येणार होती. बाहेर एक गाडी उभीच होती, तिच्यावर कापडी फलक आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सेवा’. गुजराती आपल्या नवापूरकडच्या माणसाला काय परकी? मी वाचली आणि हुकूम दिला, चढा! पोरं चढली. गाडीतली मुलंही फार प्रेमाने वागली, झाडू वर घेतले, मला पाणी दिलं. जागृती म्हणाली, ‘‘मामा, आधी विचारा तरी.’’ मी म्हटलं, लिहिलेलं असताना विचारायचं काय?

गाडी थांबली ती इमारतींच्या बांधकामापाशी. तिथे एका संस्थेचं मजुरांसाठी आरोग्य शिबिर होतं आणि आम्ही गाठोडी-झाडूसकट नुकतेच उतरलेले मजूर ठरलो होतो. मी एका चुणचुणीत मुलीला सांगितलं, बेटा, आम्ही घ्यायला नाही, द्यायला आलोय. ती म्हणाली, ‘‘हां काका, सब को मिलेगा, पहले लाइन में आओ.’’ दाजी, मी तालुक्याच्या तीन समित्यांवर आहे. मला वजनकाट्यावर उभं केलं, जीभ बघितली, जंताची गोळी समोर गिळायला लावली आणि हात धुवावे कसे ते चित्रावरून शिकवलं. वर एक मच्छरदाणी दिली. (मच्छरदाणी चांगली आहे. परत करत होतो, त्यांनीच घेतली नाही.) पोरं हसून हसून वाकली होती.

जागृती मात्र हसत नव्हती. शेजारच्या रांगेत तुमच्या मोलगीच्याही वरच्या पाड्यातली सुंदरबाई नावाची पोर डॉक्टरसमोर बसली होती, दिवस भरत आलेले. डॉक्टर तरुण होता, मनाने चांगला, पण त्याला येते गुजराती आणि हिंदी, तिला येते पावरी. त्याने विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, हां. विचारलं, दुखत नाही ना? ती म्हणाली, हां. सगळं बरं आहे ना? हां. तो कागदावर खूण करून पुढच्या बाईला बोलावणार, तेवढ्यात जागृती रांग मोडून तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली आणि पावरीत बोलायला लागली. ती पोर एकदम रडायलाच लागली. तिने जागृतीचा हात पोटावर नेऊन धरला. जागृती उठली आणि डॉक्टरला स्वच्छ हिंदीत म्हणाली, ‘‘कालपासून बाळ हललेलं नाही. ती सगळ्यांना तेच सांगतेय.’’

दाजी, ही तीच पावरी, जिला तुम्ही ‘बाजारी बोली’ म्हणता. आपण नवापूरकडचे, तुमची नोकरी मोलगीत, म्हणून पोरगी आठवडे बाजारात खेळून ती शिकली, आणि घरी बोलली की तुम्ही उठाबशा काढायला लावायचात. मला तर त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पण डॉक्टरचा चेहरा बघून सगळं कळलं.

पुढे पळापळ. त्याच सेवेच्या गाडीतून सुंदरबाईला दवाखान्यात नेलं, जागृती आत, तिचा हात सुंदरबाईच्या मुठीत. नवरा दुसऱ्या बांधकामावर, त्याचा फोन बंद. आमची पोरं गटागटाने निघाली, एकेका इमारतीखाली उभं राहून त्याच्या नावाने हाका मारत. नवव्या मजल्यावरून त्याने उत्तर दिलं. ऑपरेशनला रक्त लागलं तेव्हा पोरांनी बाह्या वर केल्या. मीही केली. माझं प्रेशर बघून नर्सबाईंनी मलाच एका खाटेवर आडवं केलं, आणि त्या खाटेवरून मी प्रार्थना केली. दाजी, खरं सांगतो, आयुष्यात इतकी छोटी प्रार्थना मी कधी केली नव्हती. दोनच शब्द होते. मग दारापलीकडून रडणं ऐकू आलं. मुलगी! लहानशी, पण आवाज तुमच्यासारखा.

आमच्या यजमान फाल्गुनीबेन आम्हाला शोधत दवाखान्यात पोहोचल्या तेव्हा त्यांना आधी काही उमगेना. समजल्यावर त्यांनी सुंदरबाईसाठी रोज डबा चालू केला. सांस्कृतिक अनुभवही झाला. त्यांना आदिवासी नाच बघायचा होता आणि आमच्या पोरांना फक्त मोबाइलवरचे नाच येतात, तेव्हा मीच ढोल गळ्यात घालून उतरलो. टाळ्या थांबेनात. दोन रस्ते, एक वृद्धाश्रम आणि त्यांच्या चर्चचं मागचं आवार झाडून काल आम्ही परत आलो. आज उपासनेत पाळकसाहेबांनी जागृतीचं नाव घेतलं आणि सगळी मंडळी उभी राहिली. मी सर्वांत आधी उभा राहिलो, कंबर धरून. तुम्ही असायला हवे होतात.

तुमचा,
सुकराम

ता. क. १ : ‘आम्ही परत आलो’ यात जागृती धरू नये. ती सुरतेलाच आहे. सुंदरबाई तिचा हात सोडेना, डॉक्टरही म्हणाला थांब, आणि जबाबदार माणूस म्हणून मीच हो म्हटलं. ती फाल्गुनीबेनच्या घरी आहे, नीट जेवते. ओरडायचं असेल तर पत्राने ओरडा.

ता. क. २ : मंगळवारी ती सुंदरबाईला, बाळाला आणि नवऱ्याला घेऊन अक्कलकुव्याहून जीपने तुमच्या दारात उतरेल. त्यांच्या पाड्यापर्यंत गाडी जात नाही आणि टाके ओले असताना डोंगर चढायचा नाही, असं डॉक्टरने बजावलंय. म्हणून तुमची पुढची खोली मी देऊन टाकली आहे. तुमची पुस्तकं तेवढी हलवा. नवरा कामसू आहे, पण बाळाला हातात घ्यायला घाबरतो. ते तुम्हाला शिकवावं लागेल.

ता. क. ३ : बारसं तुमच्याच घरी. नाव ठेवायचा मान सुंदरबाईने तुम्हाला दिलाय, गुरुजी आहेत म्हणून. अट एकच. बाळाच्या आईला आणि आजीला हाक मारता आली पाहिजे, म्हणून जोडाक्षर नको.