काळू चावलेला नाही

भावजी,

काळूला डॉक्टरांकडे नेतेय. ‘त्यात काय मोठंसं, मी कापतो नखं,’ म्हणत माझी शिवणाची कात्री घेऊन बसलात आणि नखाबरोबर आतली शीरही कापलीत. मी त्याचा पंजा दाबून रक्त थांबवत होते, तेव्हा तुम्ही स्वतःच्या बोटावर फुंकर घालत होतात.

ते बोट तुमच्याच हातातल्या कात्रीने कापलंय. बिचाऱ्याने नुसता पाय ओढून घेतला. तरी भावाला फोन करून ‘कुत्रा चावरा झालाय, देऊन टाका’ म्हणून मोकळे झालात!

आम्ही यायच्या आत त्यांना खरं काय ते सांगा. तेवढंही जमणार नसेल, तर तुमची बॅग भरून दाराशी ठेवलीय. काळू कुठेही जाणार नाही.

– वहिनी