सोबतीचा दगड

१५ ऑक्टोबर, सकाळ

सौ. कुमुदताई पेडणेकर यांस,

माझ्या रोजनिशीची पानं सोबत जोडते आहे. सगळी वाचायला वेळ नसेल तर घडलं ते एवढंच:

१. २ ऑक्टोबरला आम्ही तिघं बुढाधारचा धबधबा पाहायला गेलो. मी, माझा चुलतभाऊ अनुराग आणि माझी धाकटी बहीण रेवती.
२. तिघांनी निघू नये म्हणून काकूने तुळशीच्या कुंडीतला एक दगड चौथा म्हणून सोबत दिला.
३. ३ ऑक्टोबरला तो दगड डोहात गेला. मी त्याऐवजी तिथलाच दुसरा उचलून आणला.
४. त्याच दिवशी तुमच्या यजमानांनी आम्हा तिघांचा फोटो काढला.
५. ८ ऑक्टोबरपासून रेवती कुठेही नाही. ती होती हे कुणाला आठवतही नाही.

क्षिप्रा

रविवार, २७ सप्टेंबर

दिल्लीत पोचले. गाडी चाळीस मिनिटं उशिरा. स्टेशनवर अनुराग आणि रेवती दोघंही आले होते. आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा रेवतीने फलाटावरच माझ्या बॅगेतून काढून घेतला. आठ महिन्यांनी भेटलो. ती करोल बागेत खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करते. थोडी वाळली आहे, बडबड तेवढीच आहे.

सुमित्राकाकू आणि अनुरागचं घर नोएडात, सातव्या मजल्यावर. काकू केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. फ्रिजमधला कोणता कप्पा माझा, याची लेखी सूचना तिने दारावर लावली आहे, खाली सही आणि तारीख. मला हे घर आवडेल असं वाटतं. उद्यापासून नोकरी. काम पाण्याच्या मीटरांचं कॅलिब्रेशन: मीटर सांगतो तेवढंच पाणी खरंच गेलं का, ते तपासायचं.

गुरुवार, १ ऑक्टोबर

उद्यापासून तीन दिवस सुट्टी. बुढाधारला जायचं ठरलं. अनुराग म्हणतो, दिल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये त्या धबधब्यासमोरचा एक तरी फोटो असतो. माझ्याकडे नाही, म्हणजे मी अजून दिल्लीची झाले नाही.

काकूच्या हरकती दोन. एक, पितृपक्ष. दुसरी, तिघं. तीन तिघाडा, काम बिघाडा. पहिली हरकत अनुरागने सरकारी सुट्ट्यांची यादी दाखवून निकालात काढली. दुसरीवर काकूने स्वतःच तोडगा काढला. बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीतून एक दगड उचलून ओट्यावर ठेवला. हा चौथा. आमच्याकडेही तिघं निघाले की असाच खडा घेतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. चौघं जा, चौघं या, आणि आल्यावर ह्याला होता तिथे ठेवा, असं तिने बजावलं.

रेवतीने चौथ्याला चिवडा देऊ केला. मग मला विचारलं, ताई, ह्याचं वजन किती असेल? स्वयंपाकघरातला काटा समोरच होता. २१२ ग्रॅम.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

सकाळी सहाला निघालो. पानिपत आलं तशी अनुरागने गाणी बंद केली. इथून मराठी माणसाने मान खाली घालून जायचं असतं, म्हणाला. रेवती म्हणाली, तू कसला मराठी, एकोणनव्वद म्हणजे किती ते सांग आधी. तो बराच विचार करून म्हणाला, सेवंटी नाइन. पुढचा तासभर तिने त्याला सोडलं नाही. चौथा मागच्या सीटवर तिच्या शेजारी होता. त्याला तिने पट्टा लावला होता.

चारला पोचलो. धबधबा दिसण्याआधी दोन किलोमीटरांवरून ऐकू येतो. उंची साठ मीटरच्या आसपास असावी. लॉज साधं आहे, चादरी धुतलेल्या आहेत.

शनिवार, ३ ऑक्टोबर

सकाळी खाली उतरलो. पाणी एकाच धारेत पडतं. खाली काळा डोह, आणि काठापासून नजर जाईल तिथवर गोल दगड. लोक रांग लावून फोटो काढत होते. त्या गर्दीत मराठी ऐकू आलं. फरिदाबादचे बळवंत आणि कुमुद पेडणेकर, दोघंही सरकारी नोकरीतून निवृत्त. कुमुदताईंनी अनुरागला 'झरना' म्हणताना पकडलं. धबधबा म्हण. आणि हा खालचा काय? तळं, तो म्हणाला. डोह रे, डोह, दिल्लीने तुमची वाट लावली.

रेवतीचं आणि त्यांचं दहा मिनिटांत जमलं. नवरात्रात भोंडल्याला ये म्हणाल्या. फोन नंबर रेवतीने घेतला. पत्ता त्यांनी माझ्या ह्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला. बळवंतरावांकडे जुना रोलचा कॅमेरा आहे. ताई म्हणाल्या, ह्यांचे फोटो धुऊन येईपर्यंत फोटोतली माणसं म्हातारी होतात. त्यांनी आमचा एक काढला. डावीकडून मी, अनुराग, रेवती.

ते गेल्यावर अनुरागने चौथ्याचाही फोटो हवा म्हणून दगड बॅगेतून काढला. आणि मग, का ते त्याला नंतर सांगता आलं नाही, पाण्यावर भाकऱ्या उडवायला फेकला. एकही उडाली नाही. दगड सरळ बुडाला.

रेवती म्हणाली, आता आपण तिघंच. काकूला काय सांगायचं, ह्यावर पाच मिनिटं गेली. मी म्हटलं, काही सांगायचं नाही. काठच्या पाण्यातून हाताला तेवढाच जड लागणारा एक दगड उचलला आणि बॅगेत टाकला. दगडाच्या जागी दगड. त्यात काही चुकतं आहे असं मला वाटलं नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

परतीच्या वाटेवर पानिपतला ढाब्यावर थांबलो. वेटरने तीन चहा आणले. एक मला, एक अनुरागला, आणि एक रिकाम्या खुर्चीवर ठेवलेल्या बॅगेसमोर. बॅगेत दगड होता. रेवती माझ्या शेजारी बसली होती. तिने हिंदीत दोनदा सांगितलं की मीही आहे. त्याने अनुरागला विचारलं, और कुछ? आम्ही हसलो. मी तिला माझा चहा दिला.

तिला करोल बागेत सोडून सातला घरी. काकूने दगड कुंडीत ठेवायच्या आधी मी तो काट्यावर ठेवला. २१२. अंदाज इतका नेमका येईल अशी माझी अपेक्षा नव्हती.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

दगड ओला आहे. हवा कोरडी, बाल्कनीत दुपारभर ऊन. मी तो पुसला. दहा मिनिटांत पुन्हा ओला. वजन तेच.

रेवतीचा फोन आला. हसत सांगत होती, पण मध्येच थांबत होती. मेसमधून दोन दिवस तिचा डबा येत नाही. क्लासच्या हजेरीत नाव नाही. अभ्यासिकेच्या दारातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही. आणि ताई, केस वाळत नाहीत. मी तिला तक्रारी लेखी द्यायला सांगितल्या.

जेवताना काकूला हे सांगितलं. काकूने विचारलं, कोण रेवती? लगेच म्हणाली, हो हो, तुझी ती. पण आधी विचारलं होतं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

अर्धा दिवस रजा घेऊन करोल बागेत गेले. रेवती इमारतीच्या जिन्यात बसली होती. केसांतून पाणी गळत होतं. तिची रूममेट संपदा खालून आली, तिच्या पायाला ठेचकाळली, आणि मला म्हणाली, कुणाकडे आलात? गेले दहा महिने दोघी एका खोलीत राहतात.

तिला म्हटलं, माझ्याबरोबर नोएडाला चल. मेट्रोचं फाटक तिच्या कार्डाला उघडेना, म्हणून तिला चिकटून माझ्यापुढे आत ढकललं. गाडीत तिचा हात धरून बसले. तिने एकच सांगितलं. ताई, दर स्टेशनला मला नावाने हाक मार, मोठ्याने मार, मला ऐकू येईल अशी.

मारली. राजीव चौक, मंडी हाउस, सगळीकडे. लोक बघत होते. मला असं बघितलेलं आवडत नाही. यमुना बँकला समोरची बाई माझ्याकडे वाकून बघायला लागली. तिथे मी हाक मारली नाही. पुढच्या स्टेशनला मारू म्हटलं.

पुढच्या स्टेशनला माझा हात ओला होता. शेजारची सीट ओली होती. हातात काही नव्हतं.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

अनुराग म्हणाला, यार क्षिप्रा, आपण दोघंच तर गेलो होतो. मग काकूने दगड का दिला, मी विचारलं. दोघांना दगड देत नाहीत. काकू म्हणाली, तो दगड कुंडीतच असतो, मी कधी दिला?

मोबाईलमधले सगळे फोटो पाहिले. मी, अनुराग, आणि उजवीकडे एका माणसाएवढी मोकळी जागा.

पोलीस म्हणाले, एखादं ओळखपत्र आणा. नाही.

आईला फोन केला. आई म्हणाली, मला एकच मुलगी, असं काय विचारतेस. मग जेवलीस का म्हणाली.

रविवार, ११ ऑक्टोबर

दगड घेऊन एकटीच बुढाधारला. टॅक्सी. काटा बरोबर नेला. डोहाचा दगड डोहात परत ठेवला, मनगटापर्यंत हात घालून. आता आमचा शोधायचा होता.

वजन माहीत होतं. रंग लिहिला नव्हता. आकार नाही, त्यावर रेघ होती का, नाही. काट्यावर मोजता आलं तेवढंच मोजलं आणि पुरेसं वाटलं.

हात पोचेल तेवढ्या जागेत २१२ भरणारे अकरा सापडले. त्यातला एक घरी न्यायचा. चुकीचा नेला तर तो — तो कुणाचा असेल. कुणाचा तरी असणार. माणसं इथे कधीपासून येतात, कितीजण — काठापासून नजर जाईल तिथवर दगड आहेत.

एकही उचलला नाही.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

दगड कुंडीत आहे. ओला.

मी स्वतःच्या हाताने डोहात — काकू म्हणते, तो कुठे जातोय, इथेच तर असतो.

तिचं नाव वाचते तेव्हा येतं. वही मिटली की राहत नाही. दर तासाला गजर लावला आहे.

बुधवार, १४ ऑक्टोबर

गजर वाजला. कशाचा, ते वही उघडल्यावर कळलं.

शेवटच्या पानावर कुमुदताईंचा पत्ता. रोलचा कॅमेरा — रोल अजून धुतला नसेल तर —

फरिदाबादला जाऊन आले. कुलूप. शेजारचे म्हणाले, मुलीकडे गेलेत, रविवारी येतील.

रविवार फार लांब आहे. लिहून ठेवायचं. दाराखालून सरकवायचं.

गुरुवार, १५ ऑक्टोबर, दुपार

वरचं पहिलं पान सकाळी लिहिलं. तेव्हा नाव येत होतं. आता मागे पाहिलं तर त्या जागी शाई दिसते. अक्षरं लागत नाहीत.

काकूने आज दोनच पानं वाढली. मला विचारलं, तू कुणाकडे — मग, अगं हो, बस बस.

हातरुमाल ओला आहे. केस —

कुमुदताई, तुम्ही तिच्याशी बोललात. तिला भोंडल्याला बोलावलंत. रोल धुऊन घ्या, फोटोत तिसरी कोण आहे ते पाहा, मागे तिचं नाव लिहा आणि मला कळवा. मंगळवार, २० ऑक्टोबरपर्यंत उत्तर मिळावं, ही विनंती. उशीर झाला तर मी तुम्हाला विचारलं होतं हे मला —

डावीकडून पहिली मी. मग अनुराग. त्याच्या शेजारी, पिवळ्या ओढणीत जी हसते आहे, ती माझी