विट्याच्या व्याह्यांवर सूड, मायक्रोवेव्हमार्फत

१ जून, रविवार. सकाळी सहा.
सगळ्यांच्या तब्येती विचारून झाल्या. सौ. शालूबाई: गुडघ्याच्या ऑपरेशनला बारा दिवस, टाके कोरडे, आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत. चिरंजीव यशराज: फौजेत, फोनवर दोनदा शिंकला, धूळ आहे म्हणाला. सूनबाई क्रांती: ठणठणीत, उद्यापासून मिरजेच्या दवाखान्यात नर्स. नात राजनंदिनी, वय साडेचार: सर्दी गेली, प्रश्न चालू. मी: उत्तम. मला कोणी विचारलं नाही.

दुपारी.
क्रांतीनं मायक्रोवेव्ह आणला. ती कामावर असताना नंदिनीला दुपारचं जेवण गरम करून द्यायचं काम माझं. गॅसला हात लावायची मला बंदी (एकदा दूध ठेवून डुलकी लागली. चार वर्षं झाली त्याला). फ्रिजवर नऊ नियमांचा कागद डकवला. इथवर ठीक.
पण विट्याचे व्याही नानासो बसले होते. मद्रासेत गलाईच्या धंद्यात सोनं गाळून गाळून आता घरी बसलेला माणूस. सगळ्यांदेखत म्हणाला, "पाव्हणं, पोरगी आमच्याकडं धाडा. तुमी आन् मशीन, जमायचं न्हाई."
क्रांतीनं शनिवारपर्यंत मुदत दिली. जमलं तर नंदिनी इथं. नाहीतर दोघी विट्याला, शाळाही तिकडचीच.
संकल्प: शनिवारी नानासोला जेवायला बोलवायचं. त्याच्या नाकासमोर वाफाळता भात काढायचा. वाफ नाकात जाईल इतक्या जवळ.

२ जून.
नियमांचा कागद फाडला. फौजेच्या सिग्नलमध्ये एकवीस वर्षं काढली, रडारच्या सावलीत जेवलो. हा डबा तर त्याचं पोर. सौ. म्हणाली, रडारवर भात कोण गरम करत होतं? दुर्लक्ष.
स्टीलचं भांडं चालत नाही, एवढं मला कळतं. प्लास्टिकच्या डब्यात वरणभात. सांडू नये म्हणून झाकण घट्ट दाबलं. चार मिनिटं.
बार झाला. वरण आत छताला. नंदिनीनं टाळ्या वाजवल्या, "आबा, परत!" म्हणाली. बिस्किटं खाल्ली तिनं.
दोष झाकणाचा.

३ जून.
भात गरम झाला. मधोमध गार होता, पण कडेनं उत्तम. नंदिनीला कडेकडेनं खायला सांगितलं. विट्याला फोन करून शनिवारचं आमंत्रण दिलं. आवाजात जरब ठेवली.

४ जून. दुपारी साडेबारा.
आज आनंदाचा दिवस. लग्नात नानासोनं दिलेला सोनेरी काठाचा कपांचा सेट शोकेसमधून काढला. चिनी मातीचा, म्हणजे चालतो. दूध ठेवलं. काठावर तडतड ठिणग्या, निळ्या-पिवळ्या. काठ काळा.
म्हणजे सोनं खोटं. गलाईवाल्याचंच सोनं खोटं. लगेच फोन लावला, गड्या, तुझ्या सोन्यात खोट हाय, असं तोंडावर सांगितलं.
तो शांतपणे म्हणाला, "पाव्हणं, खरं असलं तरीबी ठिणगी मारणारच. धातू हाय त्यो. पोरीनं लिवलं नव्हतं व्हय?"
लिहिलं होतं म्हणे. पाचवा नियम. मला तिसऱ्यापर्यंतच वेळ मिळाला होता.
सूड आता दुप्पट.

६ जून.
लिहायचं नव्हतं.
क्रांतीनं उकडून ठेवलेलं अंडं फ्रिजमधून काढलं. सालासकट ठेवलं, एक मिनिट. नंदिनी नेहमीसारखी काचेला नाक लावून. मी दार उघडलं आणि अंडं फुटलं. बलकाचा एक कण तिच्या गालावर. रुपयाएवढाही नाही, डाळीएवढा लाल डाग. ती रडली नाही. मी ओरडलो तेव्हा रडली.
सौ. वॉकर न घेता भिंत धरून स्वयंपाकघरात आली. नंदिनीच्या गालावर गार पाणी लावत बसली.

७ जून, शनिवार.
क्रांतीनं बॅग भरली. बोलली असती तर उत्तर तयार होतं.
नानासो जेवायला म्हणून आला, दोघींना घेऊन गेला. मायक्रोवेव्हही नेला, कारण दुपारी तिकडं नंदिनीला जेवू घालायला घरात नानासो एकटाच. गाडीत ठेवताना त्याची कंबर धरली. मी बघत उभा राहिलो. मग उचलू लागलो. त्यानं विचारलं, चालवायचं कसं हे? मी म्हणालो, सोपं आहे, बटण दाबायचं.
बाकी एक अक्षर सांगितलं नाही. उडू दे वरण त्याच्या घरात. दहा वर्षांत असं समाधान नाही.

८ जून. पहाटे.
समाधान टिकलं नाही. काचेला नाक नानासो लावणार नाही. नंदिनी लावणार.
फोनवर माझ्यानं बोलवेना. पहिल्या एसटीनं चिठ्ठी पाठवतो. नक्कल ठेवतो:
"नानासोसाहेब, स. न. मशीन चालू असताना नंदिनीला चार हात लांब ठेवा. ऐकत नाही ती, उचलून ठेवा. अंडं सालासकट घालू नका, सोललेलंही आख्खं घालू नका. झाकण सैल ठेवा. झाल्यावर मिनिटभर थांबा, ढवळा, पहिला घास तुम्ही खाऊन बघा. यातलं मला काही जमलं नाही. तुम्हाला जमेल.
गालावरचा डाग गेला का, ते लिहा. माझी आठवण काढत नसेल तर कळवायची गरज नाही. काढत असेल तर मात्र लगोलग लिहा."