दोनशेचा बल्ब

काका, आज आपल्या गोहलपूरच्या दुकानात तुमचा टेस्टचा बल्ब सापडला, होल्डरला काळी टेप गुंडाळलेला, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. सरांवर हात उगारून दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, तेव्हा घरी कोणी मला समोर उभं करत नव्हतं. तुम्ही खमरियाच्या कारखान्यातून रिटायर होऊन नुकतंच यूपीएसचं काम काढलं होतं. तुम्ही मला स्टूल दिलंत, हे आधी लिहून टाकतो.

मझौलीची ती लॅब आठवते? लाइन कधी एकशे सत्तर व्होल्ट, कधी दोनशे सत्तर. रक्त तपासायचं मशीन अर्ध्यात बंद पडायचं. तुम्ही मधात बॅटरीवाला यूपीएस बसवला. "लाइन कशीबी येऊ दे, मशीनले समजलं नाही पाहिजे," म्हणालात, आणि माझ्याकडे बघून, "तुह्यात मधात काहीच नाही ना. आलं तसं गेलं."

बसवून झालं की बॅटरी किती वेळ टिकते ते बघायला मेन बंद करून तो दोनशे वॉटचा बल्ब लावायचा, विझेपर्यंत तिथंच बसायचं आणि वेळ लिहायची, हा तुमचा नियम. मझौलीत ते बघायला त्या दिवशी मला एकट्यालाच पाठवलंत. लॅबमध्ये ती होती, जिच्यासाठी मी काम नसतानाही मझौलीची बस धरायचो. ती खिडकीशी स्लाइड बघून राहिली आहे, मी बल्ब बघून राहिलो आहे. शेवटी विचारलं. मान वर न करता म्हणाली, "भैया, माझं लग्न ठरलंय. तुम्ही तुमचं काम करा." त्यानंतरही बल्ब कितीतरी वेळ जळत होता, आणि मला उठता येत नव्हतं.

कागदावर मी पाऊण तास लिहिलं. बॅटरी खराब ठरली की पुन्हा जाता येईल, पुन्हा विचारता येईल, एवढंच डोक्यात. तुम्ही स्कूटरवर जाऊन यूपीएस काढून आणलात. दोन दिवस मशीन बंद राहिलं. लोक उपाशीपोटी बसनं जबलपूरला तपासणीसाठी रक्त द्यायला आले, हे मला मागाहून कळलं. तुम्ही दुकानात बल्ब लावला आणि समोर बसलात. मी दोनदा चहा आणला. दोन तासांनी तो विझला.

"काहून रे, तिथं पाऊण अन् इथं दोन?"

तिथं मोठा बल्ब लावला होता, असं मी सांगितलं. तुम्ही नुसतं अच्छा म्हणालात, कागद घडी करून खिशात घातला आणि मझौलीला आता मीच जाईन म्हणालात.

मी चिडून तीन दिवस आलो नाही. तिच्या भावाला बसस्टँडवर गाठायचा बेत होता माझा. चौथ्या दिवशी तुमचा निरोप आला, काम पडून आहे म्हणून. आलो तर माझं स्टूल जागेवर, समोर उघडा यूपीएस, आणि तुम्ही त्यातच डोकं घालून. संध्याकाळपर्यंत बसलो, मग रोजच बसलो. बेत राहून गेला. तिचं लग्न नीट पार पडलं. तुम्ही हाकललं असतं तर मी काय करून बसलो असतो, याचा विचार आजही पुरता करवत नाही.

आता तुम्हीच नाही, तर हे पाठवायचं तरी कुठं? बल्बच्याच खोक्यात ठेवतो. दुकानात दुसरा बल्ब कधी नव्हताच, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं होतं. बल्ब हाच होता, काका.